तीन हजार डॉलर कुणाचे? ब्राँक्समधल्या बर्जर कुटुंबाचं प्रकरण

मो अ‍ॅक्सलरॉडला संत्रं हवं असतं. एक पाय महायुद्धात गमावलेला, सट्ट्याच्या धंद्यावर जगणारा, तोंडाने फटकळ असा हा माणूस बर्जरांच्या घरात शिरतो आणि बोंब ठोकतो, की ज्या घरात एक संत्रं मिळत नाही ते कसलं घर! सफरचंदं असतात. चहा असतो. बोलणं तर अखंड चालू असतं. संत्रं तेवढं नसतं. प्रेक्षागृहात हमखास हशा पिकतो, आणि त्या हशातच नाटककार कुटुंबाचा सगळा जमाखर्च तुमच्या हातात ठेवून मोकळा होतो.

नाटक क्लिफर्ड ओडेट्सचं, ‘अवेक अँड सिंग!’. पहिला प्रयोग १९ फेब्रुवारी १९३५ रोजी न्यूयॉर्कच्या बेलास्को थिएटरमध्ये झाला. स्थलांतरित ज्यू कुटुंब, तीन पिढ्या, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला एक भाड्याचा फ्लॅट आणि एकमेकांच्या उरावर बसलेली माणसं, असा ऐवज. पुढे अमेरिकन रंगभूमीवर आणि टीव्हीवर ‘भांडखोर ज्यू कुटुंब’ हा एक ठरीव प्रकारच होऊन बसला. जीव तोडून प्रेम करणारी आणि त्याच प्रेमाने गळा आवळणारी आई, बावळट बाप, पळून जाऊ पाहणारी मुलं. त्या सगळ्याची घट्ट मुळं या नाटकात सापडतात. इथे मात्र मला नाटकाचा इतिहास सांगायचा नाही, त्यातलं एकच प्रकरण उकलायचं आहे: आजोबांची तीन हजार डॉलरची विमा पॉलिसी. ती कुणाच्या नावावर आहे, कुणाला हवी आहे, आणि शेवटी कुणाच्या पदरात पडते, एवढं नीट लावलं की बाकीचं घर आपोआप दिसू लागतं.

घरातली माणसं

बेसी बर्जर घर चालवते. नवरा मायरन दुकानातला कारकून. त्याने कधीकाळी दोन वर्षं कायदा शिकला, आता आयरिश सोडतीची तिकिटं घेतो आणि थिओडोर रूझवेल्टच्या काळातल्या आठवणी काढत बसतो. मुलगी हेनी सव्वीस वर्षांची, देखणी आणि तोंडाळ. मुलगा राल्फ बावीसचा. त्याला स्वतःची खोली नाही, तो बाहेरच्या खोलीत झोपतो. आयुष्यभर काळ्या-पांढऱ्या बुटांचा एक जोड हवा होता, तोही कधी मिळाला नाही. बेसीचे वडील जेकब हे या घरातले आजोबा, धंद्याने न्हावी. खोलीत साको आणि वान्झेत्ती या अमेरिकेत देहदंड झालेल्या दोन अराजकवाद्यांचं चित्र, कपाटात मार्क्सची पुस्तकं आणि ग्रामोफोनवर ऑपेरा गायक कारुसोच्या रेकॉर्डी. बेसीचा भाऊ मॉर्टी कपड्यांचा कारखानदार, पैसेवाला, अविवाहित, स्वतःवर बेहद्द खूश. मो पुढे याच घरात भाडेकरू म्हणून राहतो. इमारतीची देखभाल करणारा श्लॉसर आहे. आणि सॅम फाइनश्रायबर आहे. अमेरिकेत नव्याने आलेला, एकटा, घाबरट. त्याच्यावर जे ओढवतं त्याला विनोद म्हणायचं की क्रौर्य, हे प्रत्येक दिग्दर्शकाने आपापलं ठरवावं.

घटना थोडक्यात अशी. हेनीला दिवस गेलेत आणि बाप कोण ते ती सांगत नाही. बेसी चार मिनिटांत निर्णय घेते, की सॅमशी लग्न लावायचं आणि मूल त्याच्या गळ्यात बांधायचं. मायरन मान डोलावतो. आजोबा विरोध करतात, पण तोंडानेच. दुसरा अंक वर्षभरानंतर उघडतो. सॅमला संशय येतो, कारण हेनीनेच रागाच्या भरात त्याला सांगून टाकलेलं असतं. तो रडत सासरी येतो, आणि बेसी-मायरन मिळून त्याची अशी काही समजूत काढतात, की तो डोळे पुसून, पटवून घेऊन परत जातो. हा प्रवेश लिहिताना ओडेट्सचा हात कमालीचा हलका आहे. पण राल्फ तिथेच उभा असतो. त्याला पहिल्यांदा कळतं, की घरात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. तो आजोबांना विचारतो, तुम्हालाही माहीत होतं? होतं. मग तुम्ही काय केलंत? आजोबांकडे उत्तर नाही. अंगावर आलेलं बालंट बेसी बापावर उलटवते. त्याच्या खोलीत घुसून कारुसोच्या रेकॉर्डी फोडते. आजोबा शांतपणे कुत्रीला घेऊन गच्चीवर जातात. परत येते ती बातमी.

पाय घसरला की उडी मारली? नाटक मुद्दाम ओठ मिटून घेतं. पण त्याच दिवशी आजोबांनी आपल्या पॉलिसीचे कागद मॉर्टीसमोर काढलेले आपण पाहिलेले असतात, आणि लाभार्थी म्हणून नाव असतं राल्फचं.

बेसीची बाजू

आमच्या एका हौशी गटात हे नाटक मराठीत वाचायचं ठरलं, तेव्हा पहिल्या वाचनानंतर सगळे बेसीवर तुटून पडले. ‘कजाग बाई.’ ‘स्वतःच्या बापाला खाल्लं.’ बेसी वाचणारी बाई गप्प होती. मग म्हणाली, ‘तिने भाडं कुठून द्यायचं ते कुणी सांगितलं का?’

प्रश्न बिनतोड होता. तारीख पुन्हा पाहा, फेब्रुवारी १९३५. दोन वर्षांपूर्वी अमेरिकेतला जवळपास दर चौथा कामगार बेकार होता. ब्राँक्सच्या वस्तीत त्या काळी जवळपास निम्मे लोक ज्यू होते. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडच्या अंधाऱ्या खुराड्यांतून वर सरकत, थोडी हवा, थोडा उजेड आणि आत संडास असलेल्या घरांत आलेली ही माणसं. १८८० च्या दशकापासून १९२४ मध्ये कायद्याने दार बंद होईपर्यंत पूर्व युरोपातून वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत आले, त्यांचीच ही पुढची पायरी. मंदीत ती पायरीच डगमगली. भाडं थकलं की सामान फुटपाथवर. १९३२ मध्ये ब्राँक्समध्ये भाडेकरूंनी घरमालकांविरुद्ध संप केले, पोलिसांशी मारामाऱ्या झाल्या, आणि त्यात बायका पुढे होत्या. नाटकात बेसी सांगते, की डॉसन स्ट्रीटवर एका कुटुंबाला बाहेर काढलं, सगळं फर्निचर रस्त्यावर, आणि पांढऱ्या केसांची एक चांगली म्हातारी तिथे. एवढंच सांगून ती दुसऱ्या विषयाकडे वळते. माझ्या मते तिच्या भूमिकेची किल्ली त्या म्हातारीत आहे. बेसी जे काही करते ते तिथे आपण नसावं म्हणून करते.

आणखी एक तारीख. अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी कायदा १४ ऑगस्ट १९३५ रोजी मंजूर झाला, म्हणजे पहिल्या प्रयोगानंतर सहा महिन्यांनी. मासिक पेन्शन हातात पडायला १९४० उजाडलं. बेलास्कोमध्ये बसलेल्या प्रेक्षकांच्या देशात म्हाताऱ्या न्हाव्याला केंद्र सरकारकडून पेन्शन मिळत नव्हती. काम थांबलं की तो मुलीच्या घरचा आश्रित, कुत्री फिरवणारा, जावयापेक्षाही खालच्या पाटावरचा. त्याच्याकडे मालमत्ता म्हणावी अशी एकच गोष्ट होती, स्वतःचा मृत्यू. तिची किंमत तीन हजार डॉलर.

म्हणून आजोबांना संत करून टाकणं मला पटत नाही. ते गोड आहेत, राल्फवर त्यांचा जीव आहे. ‘जिंदगी डॉलरच्या नोटांवर छापलेली नसावी’ हा नाटकातला गाजलेला विचारही त्यांच्याच बाजूचा. नाटकाचं नावही त्यांनी सांगितलेल्या यशया संदेष्ट्याच्या वचनातून येतं: धुळीत राहणाऱ्यांनो, जागे व्हा आणि गा. पण आयुष्यभर त्यांनी केलं काय? ते स्वतःच राल्फला सांगतात, की माझ्याकडे बघ आणि काय करायचं नाही ते शीक. ते गेल्यावर राल्फ त्यांची पुस्तकं चाळतो, तर अर्ध्यांची पानं फाडलेलीच नाहीत. तेव्हाच्या बऱ्याच पुस्तकांची पानं कडेला जोडलेली असत, वाचताना ती चाकूने सोडवावी लागत. क्रांतीची पुस्तकं कपाटात, आणि न उघडलेली! इतका सौम्य आणि इतका जहरी विनोद फार थोड्या नाटककारांना जमतो. प्रेक्षक हसतो आणि हसल्याबद्दल त्याला थोडी लाज वाटते.

बेसीचं मोठं भाषण तिसऱ्या अंकात आहे. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं ती मोज्यांच्या कारखान्यात सहा डॉलरवर राबली, का तर मायरनला कायदा शिकायचा होता. या घरात मी आईच नाही, बापही आहे, असं ती म्हणते. हे ऐकून राल्फ विरघळत नाही, आणि ओडेट्सही तिला माफी देत नाही. तिचा हिशेब तेवढा टेबलावर ठेवतो.

तिसरा अंक: हिशेब

आजोबांना जाऊन आठवडा झालाय. विम्याचा माणूस येणार आहे. बेसी आणि मॉर्टी यांचं ठरलंय, की पैसे घरखर्चात जातील, पोराला त्यातलं काय कळतं. सुतक कसलं, बैठकच म्हणा ना! तेव्हा मो खिशातून एक कागद काढतो आणि ती आजोबांची आत्महत्येची चिठ्ठी असल्याचं सांगतो. मुकाट्याने राल्फला पैसे द्या, नाहीतर चिठ्ठी बाहेर काढतो आणि मग कुणालाच काही मिळणार नाही. मॉर्टीचा आवाज बसतो. चिठ्ठी अर्थातच थाप असते. घरातला सगळ्यात निर्दय बोलणारा माणूस या वेळी मेलेल्या माणसाच्या इच्छेचा एकटा राखणदार ठरतो.

आणि मग राल्फ पैसे सोडून देतो. आईला घेऊ दे. मी बावीस वर्षांचा आहे, धडधाकट आहे, चालवीन माझं. आजोबांनी काय आम्ही चिल्लरीवरून भांडावं म्हणून जीव दिला? आजोबा मेले त्या रात्री मी जन्मलो, असं तो म्हणतो. प्रेयसी ब्लँचला तिचे नातेवाईक क्लीव्हलंडला पाठवताहेत, तिलाही तो जाऊ देतो. त्याला आजोबांची खोली मिळते आणि पुस्तकं मिळतात. ती तो वाचणार आहे, तो काम करतो त्या गोदामातल्या कामगारांना एकत्र करणार आहे. हे भाषण मला कधीच पूर्ण पटलेलं नाही. बावीस वर्षांच्या पोराचा आवेश म्हणून ठीक, पण नाटककारालाही तो खरा वाटतो आहे हे जाणवतं, आणि तिथे लेखणी जरा ढिली पडते. १९३५ च्या प्रेक्षकाला त्यात उद्याची चाहूल लागली असेल. आज नट ते जितकं कमी ओरडेल तितकं बरं.

त्याहून अवघड निर्णय हेनीचा. मो तिचा पहिला पुरुष. तो तिला म्हणतो, चल माझ्याबरोबर, बोटीत बसू, दक्षिणेकडे जाऊ. ती नवऱ्याला सोडते. तान्ह्या मुलालाही सोडते. भाऊ तिला अडवत नाही, उलट जा म्हणतो. आमच्या वाचनात इथे खोली थंड पडली. इब्सेनच्या ‘डॉल्स हाउस’मधल्या नोराने घर सोडून शतक उलटलं तरी तान्हं बाळ ठेवून जाणारी बाई आपल्याला सहन होत नाही. एकाने सुचवलं, की हा भाग काढून टाकू, तिने बाळ बरोबर न्यावं. पण मग नाटक उरतच नाही. बेसीने मुलांसाठी स्वतःला गाडून घेतलं आणि त्याची वसुली मुलांकडूनच केली. हेनीला तो वारसा तोडायचा आहे, आणि स्वच्छ हातांनी तो तुटत नाही, असं ओडेट्स म्हणतो आहे. ते बरोबर की चूक, यावर आमचा वाद रात्री अकरापर्यंत चालला.

भाषेचं काय करायचं

या नाटकाची खरी करामत कथानकात नाही, बोलण्यात आहे. ही माणसं इंग्रजी बोलतात, पण वाक्यांच्या खाली यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा, वाहत असते. शब्दांचा क्रम उलटा, प्रश्नाला उत्तर म्हणून दुसरा प्रश्न, कौतुकाच्या चालीवर टोमणा. आजोबा राल्फला ‘बॉयचिक’ म्हणतात. इंग्रजी ‘बॉय’ला पूर्व युरोपातली लाडाची शेपटी जोडून अमेरिकेत तयार झालेला हा शब्द, म्हणजे एका शब्दात अख्खं स्थलांतर. कोणी कोणाचं ऐकत नाही हे आणखी एक. राल्फ आयुष्याबद्दल बोलतोय, मायरन गळणाऱ्या केसांबद्दल, बेसी कुत्रीबद्दल, आणि तिघंही एकाच संभाषणात असल्याच्या थाटात.

मराठीत काय करावं? साहजिक पहिला विचार आला बेने इस्राएलींच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, मराठीचा. लगेच लक्षात आलं की ते चूक ठरेल. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’ शतकानुशतकं मराठीतच वाढले. त्यांची मराठी परक्याची नाही, घरचीच आहे. बर्जरांचं दुखणं वेगळं आहे. जुनी भाषा सुटत चाललीय आणि नवी अजून अंगाला बसलेली नाही. ज्यू म्हणून ज्यू असा जोड लावणं म्हणजे आडनाव पाहून भूमिका देण्यासारखं. दुसरा विचार कानडी वळणाच्या बेळगावी मराठीचा. ‘की रे’, ‘काय की’ या लकबींनी बेसीला छान लय आली, पण प्रेक्षक गावाला हसू लागला, बाईला नाही. शेवटी आम्ही बोलीचा नाद सोडला. वाक्यांची उलटापालट तेवढी ठेवली आणि ‘बॉयचिक’ला हातच लावला नाही. ‘बाळ्या’ करून पाहिलं होतं. आजोबा एकदम सदाशिव पेठेत जाऊन बसले.

हे नाटक रंगमंचावर कसं आलं

तेही एक भांडखोर कुटुंबच. ग्रुप थिएटर ही मंडळी १९३१ मध्ये हॅरोल्ड क्लर्मन, ली स्ट्रासबर्ग आणि शेरिल क्रॉफर्ड यांनी काढली. ओडेट्स त्यांच्यातला बारीकसारीक भूमिका करणारा नट. त्याने हे नाटक आधी ‘आय गॉट द ब्लूज’ या नावाने लिहिलं. १९३३ च्या उन्हाळ्यात मंडळींच्या मुक्कामी त्याचा दुसरा अंक करूनही पाहिला गेला, पण स्ट्रासबर्गला नाटक आवडलं नाही आणि संहिता पडून राहिली. १९३४-३५ च्या हिवाळ्यात मंडळींचं चालू नाटक पडलं, मोसम गुंडाळायची भाषा सुरू झाली, तेव्हा नटांनी बंड केलं. आपल्याच माणसाचं नाटक का नको? त्याच जानेवारीत ओडेट्सची टॅक्सीवाल्यांच्या संपावरची एकांकिका तुफान गाजली, आणि क्लर्मनने पहिल्यांदाच दिग्दर्शन हाती घेतलं. हॉलिवूडला गेलेला जुना सहकारी फ्रँचॉट टोन याने पैसे घातले.

बेसी झाली स्टेला अ‍ॅडलर, यिडिश रंगभूमीचा सम्राट जेकब अ‍ॅडलरची मुलगी, वय चौतीस. तिचा सख्खा भाऊ लूथर झाला मो. आजोबा झालेला मॉरिस कार्नोव्स्की सदतीस वर्षांचा, म्हणजे ‘मुली’पेक्षा तीनच वर्षांनी मोठा! राल्फ होता पुढे जॉन गारफील्ड म्हणून चित्रपटांत गाजलेला एकवीस वर्षांचा पोरगा. नेपथ्य कीव्हहून आलेल्या बोरिस आरॉन्सनचं. १८४ प्रयोग झाले. समीक्षक आल्फ्रेड केझिनने पुढे लिहिलं, की आपले आईबाप आणि काका-मामा हॅम्लेट-लिअरच्या हक्काने रंगमंचावर उभे आहेत, हे त्याने तिथे प्रथम पाहिलं.

जाता जाता एक कडू गोष्ट. १९५२ मध्ये कम्युनिस्ट शोधणाऱ्या संसदीय समितीसमोर ओडेट्स उभा राहिला आणि त्याने नावं सांगितली. त्यात जे. एडवर्ड ब्रॉमबर्ग होता, म्हणजे या नाटकातला मॉर्टी. तो काही महिन्यांपूर्वीच वारला होता आणि त्याच्या शोकसभेत खुद्द ओडेट्स बोलला होता. आजोबा झालेला कार्नोव्स्की, हेनी झालेली फीबी ब्रँड आणि मायरन झालेला आर्ट स्मिथ यांची नावं ग्रुपमधल्याच एलिया कझानने आधी देऊन ठेवली होती. ओडेट्सच्या जाहीर साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी, २१ मे रोजी, गारफील्ड हृदयविकाराने गेला. तो एकोणचाळीस वर्षांचा होता.

नाटक मात्र चालत राहिलं. २००६ मध्ये त्याच बेलास्कोमध्ये बार्टलेट शेरच्या दिग्दर्शनाखाली ते पुन्हा झालं आणि त्याला सर्वोत्कृष्ट पुनरुज्जीवनाचं टोनी पारितोषिक मिळालं. माझ्या दृष्टीने त्याहून लक्षणीय प्रयोग २०१३ चा, न्यूयॉर्कच्या नॅशनल एशियन अमेरिकन थिएटर कंपनीचा. सगळे नट आशियाई वंशाचे, बेसी झाली मिया कॅटिगबॅक. संहिता तीच, आडनावं तीच, ब्राँक्स तेच. ते चाललं. म्हणजे घराची चावी वंशात नव्हती, भाड्यात होती.

पैसे कुठे गेले

आता पॉलिसीकडे परत. तीन हजार डॉलर आजोबांनी राल्फला दिले. राल्फने सोडले, म्हणजे ते बेसीकडे आले. प्रेक्षक राल्फच्या त्यागाला टाळ्या वाजवतो, पण खातेवहीत दुसरीही नोंद आहे. हेनी गेली, मो गेला. भाडेकरूचं भाडं बंद झालं. आजोबांची खोली रिकामी झाली, तीत राल्फ गेला. सॅम आता मूल घेऊन रडत कुठे येणार? गेल्या वेळी आला तिथेच. नाटक हे सांगत नाही, पण या घराची रीत पाहिल्यावर दुसरं काही होईल असं मला वाटत नाही. एकाला नवा जन्म, दुसरीला बोट, आणि बेसीला पैसे व एक तान्हं बाळ.

आमच्या बेसीने शेवटच्या वाचनाला विचारलं, ‘पडदा पडतो तेव्हा मी कुठे असते?’ संहितेत पाहिलं. आतल्या खोलीत, झोपलेली. तिला अजून काहीच माहीत नाही.

ती म्हणाली, ‘मग सकाळी उठून आधी दूधवाल्याचे पैसे द्यायचे असतील.’ आणि पिशवीतून एक संत्रं काढून सोलायला लागली.